पुढचा भाग कधी?

ऊसतोडीला निघालेल्या टोळीच्या सामानात पीठ, तांदूळ, भांडी, गोधड्या, कोयते असतात. हल्ली त्यात एक एक्स्टेंशन बोर्डही असतो आणि कुणाच्या तरी फोनमध्ये अर्धवट वाचलेली प्रेमकथा असते. भाग ४३ वाचून झालेला असतो. तिचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालंय, बाहेर पाऊस आहे, लाइट गेलेत, तो दारात येऊन उभा राहिलाय आणि भाग तिथंच संपलाय. खाली लिहिलंय, ‘क्रमशः’.

या कथा तुम्ही वाचल्या नसतील, तर तुमच्या घरात कुणीतरी वाचलेल्या आहेत. २०१४ साली बेंगळुरूत सुरू झालेलं प्रतिलिपी आज बारा भाषांत आहे आणि मराठी त्यातली एक. त्याशिवाय व्हॉट्सॲपचे ग्रुप, टेलिग्रामची चॅनल्स, फेसबुकची पेजेस आहेत, जिथं कथेचे भाग कॉपी-पेस्ट होऊन फिरतात. शंभर भाग, दीडशे भाग, कधी तीनशे. एक भाग साधारण पाच-सात मिनिटांत वाचून होतो. काही ठिकाणी पुढचा भाग कुलूपबंद असतो. मग एक दिवस थांबा किंवा पैसे भरा. आमच्याकडं बहुतेक जणी थांबतात. थांबायची सवय आहेच.

मी उमापूरची. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात आमचं गाव आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी घरं बंद होतात. माणसं सांगली, कोल्हापूर, नगर, कर्नाटकात जातात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं. गेली चार वर्षं मी टोपणनावानं अशा मालिका लिहिते. नवरा-बायकोच्या, म्हणजे ज्यांच्यावर ‘१८+’ असं लिहावं लागतं, तशाही. माझं टोपणनाव इथं सांगणार नाही. ते सांगितलं तर मला गावात राहता येणार नाही असं नाही, पण मग मी लिहू शकणार नाही.

या कथांची टिंगल करणं सोपं आहे. हिरो कायम उद्योगपती. त्याचं नाव राजवीर, रुद्र किंवा अगस्त्य. उंची सहा फूट दोन इंच, डोळे गहिरे, राग नाकावर. ती साधी, गरीब, मोठ्या डोळ्यांची. कसल्या तरी सक्तीनं लग्न होतं. बापाचं कर्ज असतं किंवा बहिणीनं पळून जाऊन मांडव रिकामा ठेवलेला असतो. काही वेळा एक वर्षाचा करार असतो. तो तिला ‘तू माझी बायको फक्त नावाला’ असं काहीतरी सुनावतो. वीस भाग तो तिच्याशी नीट बोलत नाही. एकविसाव्या भागात तिला ताप येतो आणि तो रात्रभर उशाशी बसतो. मग पुढं पन्नास भाग प्रेम.

हे सगळं मलाही माहीत आहे. मीही लिहिलंय. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तिनं मला या कथांकडं नीट पाहायला लावलं. मराठीतल्या या मालिकांमध्ये लग्नाआधीच्या प्रेमापेक्षा लग्नानंतरचं प्रेम कितीतरी जास्त चालतं. सिनेमात दोघं भेटतात, प्रेमात पडतात, घरच्यांशी भांडतात आणि शेवटी लग्न होतं. इथं लग्न पहिल्याच भागात उरकतं. सगळी गोष्ट त्याच्यानंतरची.

असं का, ते आमच्याकडं राहिलं की कळतं. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वर्षं वयाच्या ४० टक्क्यांहून जास्त स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. सोळाव्या वर्षी पोरीचं लग्न होतं. त्याला कारणं अनेक आहेत. आई-बाप सहा महिने उसाला जाणार, पोरगी एकटी घरी कशी ठेवायची, ही भीती एक. दुसरं कारण कोयता. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं अवजार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. बाईशिवाय माणूस म्हणजे अर्धा कोयता. मग पोराचं लग्न हंगामाच्या आधी उरकायची घाई होते. लग्न हीच कामाची भरती.

प्रेमात पडायला, नकार द्यायला, कुणाला चोरून भेटायला या पोरींना वेळच मिळत नाही. जातीबाहेर प्रेम केलं तर काय होतं, ते पेपरात येतं. त्यामुळं स्वप्न बघायला बिनधोक असा एकच पुरुष उरतो, तो म्हणजे नवरा. या कथा त्याच्याबद्दलच्या आहेत. परक्या पुरुषासोबत पळून जायचं स्वप्न इथं सहसा कुणी मागत नाही. आहे तोच माणूस एक दिवस मान वर करून आपल्याकडं बघेल, एवढंच मागणं असतं.

आता १८+ बद्दल. लोकांना वाटतं की बाया हे वाचतात ते ‘त्या’ प्रसंगांसाठी. तेही वाचतात, त्यात खोटं काय बोलायचं. पण माझ्या कथांमधल्या कोणत्या भागांवर वाचक सर्वांत जास्त बोलतात, ते मी बघत आले. पहिल्या रात्रीचा भाग त्यात वर नाही. वर आहे तो भाग, ज्यात तो सकाळी आधी उठून चहा करतो आणि तो फार गोड होतो. त्यानंतरचा, ज्यात तिच्या पायाला भेग पडलीय आणि तो कोमट पाण्यात पाय ठेवून घेतो. आणि एका भागात तो फक्त विचारतो, ‘दमलीस का?’ त्या एका प्रश्नावर मला आलेले मेसेज मी अजून जपून ठेवलेत.

पहाटे चारला फडात जायचं, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढवायच्या आणि परत येऊन कोपीपुढं चूल पेटवायची. असा दिवस गेलेल्या बाईला ‘दमलीस का?’ हे वाक्य किती कामुक वाटत असेल, याची कल्पना खुर्चीत बसून येत नाही.

शरीराचा हिशेबही इथं वेगळा आहे. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीत खाडा पडतो, खाडा पडला की पैसे कापतात, पोटात दुखतं, डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका, मग काढून टाकतात. आमच्याकडं गर्भाशयाला ‘पिशवी’च म्हणतात. पिशवी म्हणजे रिकामी झाली की बाजूला ठेवायची वस्तू.

ज्या शरीराबद्दल आयुष्यात फक्त मुकादम, सासू आणि डॉक्टर हे तिघंच बोलले, त्या शरीराबद्दल पहिल्यांदा कुणीतरी गोड बोलतंय, तेही मराठीत आणि फुकट. बाई ते वाचणारच.

इथवर मी या कथांची बाजू घेतली. आता त्यांच्यातली जी गोष्ट मला टोचते, ती. या मालिकांमधला हिरो फार वेळा जबरदस्ती करतो. मनगट पिरगाळतो, भिंतीला टेकवतो, ‘नाही’ ऐकत नाही आणि त्याला प्रेम म्हटलं जातं. जितका क्रूर हिरो, तितके वाचक जास्त, असा लिहिणाऱ्यांचा अनुभव आहे. माझाही आहे. मी शांत, समजूतदार नायक लिहिला की वाचक गळतात. ‘हिरोला जरा ॲटिट्यूड द्या ना ताई,’ असा निरोप येतो.

यावर शहरातल्या माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं सरळ आहे. ‘हे विष आहे, बंद कर.’ तिचं चूक नाही. पण ती मागणी कुठून येते, याचा मी विचार करत राहिले. सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या पोरीच्या वाट्याला पहिल्या रात्री जे आलेलं असतं, त्याला आपल्याकडं नाव नाही. कायद्यातही लग्नाच्या आतल्या जबरदस्तीला बलात्कार म्हणत नाहीत. अपवाद एकच, बायको अठराच्या आतली असेल तर. तसा निकाल सुप्रीम कोर्टानं २०१७ साली दिला. पण त्या अपवादाची खबर उसाच्या फडात कोण पोचवणार? मग तिच्याकडं उरतात दोन पर्याय. जे झालं ते वाईट होतं असं मानायचं आणि त्याच माणसासोबत चाळीस वर्षं काढायची. किंवा अशी एखादी गोष्ट शोधायची, जिच्यात अगदी असंच झालं, पण तो आतून प्रेम करत होता, त्याला दाखवता येत नव्हतं, आणि एकविसाव्या भागात ते बाहेर आलं. क्रूर हिरोची गोष्ट तिला हवी असते ती क्रौर्य आवडतं म्हणून नव्हे. आपल्या बाबतीत झालं त्याला काहीतरी अर्थ होता, असं ती गोष्ट सांगते म्हणून. हे कळल्यावर मला वाचकांचा राग येईनासा झाला. लिहिणाऱ्याची जबाबदारी मात्र वाढली.

दुसरी अडचण भाषेची. माझ्या पहिल्या मालिकेतली नायिका पुण्याची होती, कारण सगळ्यांच्या नायिका पुण्या-मुंबईच्या होत्या. ती ‘माझं’ म्हणायची. आम्ही ‘मपलं’ म्हणतो. ती ‘का’ म्हणायची, आम्ही ‘कामून’. मी वाचलेल्या एकाही मालिकेत कुणी हिरो बायकोला ‘तू मपली हायस’ असं म्हणालेला मला आठवत नाही. प्रेम करायचं तर प्रमाणभाषेत, आणि शेतात राबायचं, भांडायचं, रडायचं ते आपल्या बोलीत, अशी वाटणी झालीय. सिनेमा-नाटकात आमची बोली ऐकू येते ती हसवण्यासाठी.

त्याहून अवघड प्रश्न शब्दांचा. नवरा-बायकोमधल्या त्या गोष्टीला मराठीत काय म्हणायचं? एकीकडं प्रणय, मीलन, बाहुपाश, समर्पण. हे शब्द बोलताना कुणी वापरत नाही. दुसरीकडं शिव्या. मधली जागा रिकामी आहे. त्या जागेत इंग्रजी येऊन बसली. म्हणून मालिकांमध्ये ‘त्यांनी रोमान्स केला’, ‘किस’, ‘इंटिमेट झाले’ असलं काहीतरी सापडतं. हसू येतं, पण त्यात लिहिणारीचा दोष नाही. तिला भाषेनं दिलेलंच नाही.

की दिलं होतं आणि काढून घेतलं? गोदावरी आमच्या तालुक्याच्या कडेनं वाहते आणि पलीकडं वरच्या अंगाला पैठण आहे. तेच प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हाल सातवाहनाच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा एक संग्रह झाला, ‘गाथासप्तशती’. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली त्याची मोठी मराठी आवृत्ती केली. त्या गाथांमध्ये राजवाडे फारसे नाहीत. शेतं आहेत, गोदावरीचा काठ आहे, राखणीला बसलेल्या बाया आहेत, परगावी गेलेले नवरे आहेत. आणि बोलतात त्या बहुतेक बायका. सासूबद्दल, दिराबद्दल, वाट बघण्याबद्दल, अंगाच्या ओढीबद्दल. रेवा अशी काही कवयित्रींची नावंही टीकाकारांनी नोंदवलीत. म्हणजे शेतकऱ्याच्या बाईच्या इच्छेचं साहित्य मोबाइलनं आणलेलं नाही. ते इथंच, या नदीच्या काठी जन्मलं.

त्यानंतर ते कुठं गेलं? काही जात्यावर गेलं. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आमच्या जिल्ह्यातल्या माजलगावातही काही ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. नवऱ्याची हौस, त्याचा राग, माहेर, सवत, सगळं त्यात येतं. पहाटे अंधारात, पुरुष झोपलेले असताना, दोघीजणी जात्यावर बसून म्हणायच्या. मग गावात पिठाची गिरणी आली. हातांची सुटका झाली आणि ती जागाही गेली. आज रात्री गोधडीत, फोनचा उजेड कमी करून, आवाज न करता वाचणारी बाई मला त्या जात्यावरच्या बाईची नात वाटते. फरक एवढाच की जात्यावर दोघी असायच्या, इथं ती एकटी आहे.

छापील मराठीत बाईच्या मनातलं असं काही आलं की गोंधळ झाला. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या दबलेल्या इच्छांबद्दल त्यात मोकळेपणानं लिहिलं होतं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव होतं. लोक खवळले, ही बाई कोण म्हणून शोध सुरू झाला. पुढं कळलं की त्या मालती बेडेकर, तेव्हाच्या बाळूताई खरे. त्या शिक्षिका होत्या, आपल्या नावानं हे छापणं त्यांना परवडणारं नव्हतं. नव्वद वर्षं झाली. टोपणनावं बदलली, कारण बदललं नाही.

त्याच काळात र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते, १९२७ पासून १९५३ पर्यंत. वाचक त्यांना लैंगिक प्रश्न विचारायचे आणि ते सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला. पण वाचकाला हे प्रश्न विचारायचा हक्क आहे, ही बाजू कोर्टात मांडली गेली, ती कुणी मांडली हे विसरू नये.

आणि मग चंद्रकांत काकोडकर. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ आली. निशिकांत नावाच्या कवीची आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांची गोष्ट. पुण्यात अश्लीलतेची तक्रार झाली. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला. काकोडकर सुप्रीम कोर्टात गेले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये निर्दोष सुटले. कोर्टाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता, की लैंगिक उल्लेख आला म्हणून पुस्तक अश्लील ठरवलं, तर तरुण मुलांना फक्त धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि राजेश खन्नाला बघायला देश थेटरात लोटला. एकाच माणसाची एक गोष्ट कोर्टात, दुसरी गोष्ट पडद्यावर.

काकोडकरांना वाचनालयांतून बायकांचा मोठा वाचकवर्ग होता, पण साहित्याच्या चर्चेत त्यांना जागा नव्हती. एसटी स्टँडवर मिळणारी पिवळी पुस्तकं हा प्रकार तर त्याहून वेगळा. ती पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेली. त्यात बाईला शरीर होतं, मत नव्हतं. आजच्या मालिकांचा आणि त्यांचा संबंध जोडणाऱ्यांनी दोन्ही वाचलेलं नसतं. पिवळ्या पुस्तकात ‘दमलीस का?’ असं कुणी विचारत नाही.

हे फक्त आपल्याकडंच घडलं असंही नाही. २००७ साली जपानमध्ये सर्वाधिक खपलेल्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मुळात मोबाइलवर लिहिल्या-वाचल्या गेलेल्या होत्या, बऱ्याचशा तरुण मुलींनी लिहिलेल्या प्रेमकथा. तिथल्या समीक्षकांनीही नाकं मुरडली. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ सुद्धा सुरुवातीला इंटरनेटवर भागाभागानं आलेली, दुसऱ्या एका कादंबरीतली पात्रं घेऊन लिहिलेली हौशी कथा होती. जिथं जिथं बायकांच्या हातात स्वतःचा पडदा आला, तिथं त्यांनी आधी हेच लिहिलं. आमच्याकडं तो पडदा २०१६ नंतर, जिओचं स्वस्त नेट आल्यावर आला.

कायद्याची तलवार आहेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे इंटरनेटवर अश्लील मजकूर टाकला तर पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पंचवीस रुपयांवरून पाच लाख. पण खरं सांगायचं तर माझ्यासारखीला पोलिसांची भीती कमी आणि चुलतभावांची जास्त.

माझी वहिनी माझ्या कथा वाचते. तिला माहीत नाही की त्या माझ्या आहेत. दोन वर्षांपूर्वी ती आणि दादा कर्नाटकात उसाला गेले होते. तिथून तिचा फोन आला की हालहवाल झाल्यावर ती मला कथा सांगायची, ‘आगं, एक लई भारी चाललीय, तू वाच.’ मग माझीच गोष्ट मला सांगायची, तिच्या शब्दांत. ती सांगताना राजवीर ‘मपली बायकू’ म्हणायचा. त्याची गाडी मर्सिडीज न राहता नुसती ‘मोठी गाडी’ व्हायची. आणि जिथं मी दीड पान प्रणय लिहिला होता, तिथं ती एवढंच म्हणायची, ‘मंग काय, दोघाचं मन झालं.’

मन झालं. मी फोन ठेवून कितीतरी वेळ ते वाक्य घोळवत बसले. ज्या शब्दासाठी मी शब्दकोश धुंडाळत होते, तो आमच्याच घरात होता. आमच्या बाया आपसात बोलताना म्हणतात, ‘आज मन नव्हतं’, ‘त्यांचं मन झालं’. यात लाज नाही, शिवी नाही, संस्कृत नाही आणि इंग्रजीही नाही. शिवाय त्यात संमती आपोआप येते. मन दोघांचं व्हावं लागतं. एकाचं झालं आणि दुसऱ्याचं नाही झालं, तर ते तसं म्हणताही येतं.

मागच्या हंगामात मी एक नवी मालिका सुरू केली. नायक-नायिका एक कोयता आहेत. उद्योगपती नाही, बंगला नाही, कोपी आहे. दोघं गेवराईच्या बोलीत बोलतात. पहिल्या दहा भागांत निम्मे वाचक गेले. ‘हे तर आमच्याच घरचं आहे, हे कशाला वाचायचं,’ असं एकीनं कळवलं, आणि तिचं बरोबर होतं. दिवसभर फडात राबून रात्री पुन्हा फडच कोण वाचेल? म्हणून मी त्यात थोडं सुख वाढवलं. त्यांच्या कोपीला वरच्या बाजूला एक फट ठेवली, तिच्यातून चांदणं येतं. नवऱ्याला थोडं गाणं येतं. एवढी सूट मी घेतली.

सतराव्या भागात ती रात्री त्याला म्हणते, ‘आज मपलं मन नाही.’ तो म्हणतो, ‘बरं.’ उठतो, तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवतो आणि कुशीवर वळून झोपतो. संपला भाग. त्यात मनगट पिरगाळणं नाही, पाऊसही नाही. त्या भागावर जेवढे मेसेज आले, तेवढे मला चार वर्षांत आले नव्हते. अर्ध्या जणींनी विचारलं, ‘असा माणूस असतो का?’ काहींनी चिडून लिहिलं, ‘हा कसला हिरो.’ एकीनं लिहिलं, ‘ताई, काल मी ते म्हणून बघितलं.’

मी विचारलं, मग? दोन दिवस उत्तर आलं नाही. मी घाबरले होते. तिसऱ्या दिवशी आलं, ‘ते काहीच बोलले नाहीत. गुमान झोपले.’ आणि पुढं हसणारा चेहरा.

त्याच आठवड्यात आणखी एकीचा मेसेज आला. ‘आमच्याकडं असं म्हणता येत नाही. पण वाचायला बरं वाटलं. पुढचा भाग कधी?’

पहिलीचं उत्तर मी मैत्रिणीला दाखवलं, ती खूश झाली. दुसरीचं मी कुणाला दाखवलं नाही. मालिका लिहायला बसले की मात्र डोळ्यासमोर ती दुसरीच असते. गोष्टीनं तिच्या घरात काही बदलणार नाही, हे तिला माझ्याआधी कळलंय. तरी तिला पुढचा भाग हवाय. तिला मी लिहिलं, ‘रविवारी रात्री नऊला.’